फ्लोराइडग्रस्त गावांतल्या मुलांचे दात जन्मसालानुसार तपासा: तीन सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: फ्लोराइडग्रस्त गावांतील बालकांच्या शरीरात जाणारं फ्लोराइड मोजणे व त्याची दंततपासणीशी सांगड घालणे.

सविनय नमस्कार.

पत्र तिघांच्या नावे मुद्दाम लिहिलं आहे. एकाच्याच नावे लिहिलं असतं तर ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ दुसऱ्याकडे आणि तिथून ‘माहितीस्तव’ तिसऱ्याकडे गेलं असतं. विषयच असा आहे की पाणी एका विभागाचं, दात दुसऱ्याचे आणि मूल तिसऱ्याचं.

मी दंतवैद्य आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला माझा दवाखाना आहे. पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, वणी इकडची माणसं माझ्याकडे येतात. दाढ दुखते म्हणून आजोबा येतात, सोबत नातू असतो. आजोबांचे दात तंबाखूने रंगलेले असतात, पण तो रंग खरवडला की खालचं इनॅमल, म्हणजे दाताचं कठीण आवरण, गुळगुळीत आणि शाबूत निघतं. नातवाच्या वरच्या पटाशीच्या दातांवर आडवे पांढरे-तपकिरी पट्टे असतात, डावीकडे जसे तसेच उजवीकडे. ते खरवडून जात नाहीत, कारण ते दातावर बसलेले नसून दात घडतानाच इनॅमलमध्ये राहिलेल्या दोषाचे असतात. आजोबा लहानपणी विहिरीचं पाणी प्यायले, नातू बोअरिंगचं. त्या बोअरिंगच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे हे पट्टे.

पाणी मोजलं जात नाही, अशी माझी तक्रार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायांना क्षेत्रीय तपासणी संच हाताळायला शिकवलं आहे, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने नेतो. पण त्या सगळ्यातून जो आकडा हाती येतो तो स्रोताचा असतो. अमुक वाडीतला अमुक हातपंप, लिटरमागे इतके मिलिग्रॅम. त्या पंपाचं पाणी कोणतं मूल किती पितं, किती वयाचं असताना पितं आणि त्याच्या अंगात किती राहतं, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. माझी मागणी तेवढीच आहे: पाण्याबरोबर मूलही मोजा, आणि त्याचा हिशेब जन्मसालाने ठेवा.

आधी आकड्यांचं बोलते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ आहे, पण स्थानिक हवामान आणि लोक पाणी किती पितात ते बघून प्रत्येक देशाने आपला आकडा ठरवावा, असंही ती संघटना सांगते. अमेरिकेत पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालतात तिथेही २०१५ पासून शिफारस ०.७ मिलिग्रॅमची आहे. त्याआधी ती ०.७ ते १.२ अशी होती आणि उष्ण प्रदेशाला खालचा आकडा होता. कारण उघड आहे. जिथे ऊन जास्त तिथे माणूस पाणी जास्त पितो.

आता आमच्याकडचं दोन वर्षांचं मूल घ्या. वजन १० किलो धरू. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वाडीवरच्या, कोलाम मुलांत ते ९ सुद्धा भरतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना पिण्याचं पाणी, वरण, भात, पेज, चहा मिळून दिवसाला लिटरभर पाणी त्याच्या पोटात सहज जातं. पाण्यात १.५ मिलिग्रॅम असेल तर किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम झालं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९७ मध्ये आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी घातलेली वरची मर्यादा किलोमागे ०.१ आहे. म्हणजे अहवालात ‘पिण्यास योग्य’ असा शेरा आहे आणि मूल मर्यादेच्या दीडपटीवर आहे. ३ मिलिग्रॅमची बोअरिंग असेल तर तिप्पट. शिवाय ताटात दूध नाही, कॅल्शियम कमी, अंगावर मांस नाही. अशा मुलाला तेच फ्लोराइड जास्त बाधतं. कुपोषणाचा तक्ता आणि पाण्याचा तक्ता एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची वेळ आपल्यापैकी कुणावर आलेली नाही, म्हणून ही बेरीज कागदावर दिसत नाही.

दातांना फ्लोराइड बाधायचा काळ ठरलेला आहे, आणि या पत्राचा सगळा भार त्यावरच आहे. समोरच्या कायमच्या दातांचं इनॅमल मूल तीन-चार महिन्यांचं असताना हिरडीच्या आत घडू लागतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत पुरं होतं. त्यातही दुसरं-तिसरं वर्ष सर्वांत नाजूक. पहिल्या कायमच्या दाढा जन्माच्या सुमाराला घडू लागतात आणि तीन वर्षांपर्यंत तयार होतात, दुसऱ्या दाढांना सात-आठ वर्षं लागतात. इनॅमल घडवणाऱ्या पेशी काम संपलं की नाहीशा होतात, त्यामुळे पुढे कितीही चांगलं पाणी दिलं तरी दात दुरुस्त होत नाही. तो दात बाहेर येतो सहाव्या ते आठव्या वर्षी. तिसरीच्या वर्गात गुरुजींना जो डाग दिसतो, तो मूल अंगणवाडीत असताना किंवा त्याच्याही आधी, आईच्या मांडीवर खिमट खात असताना पडलेला असतो.

खिमटाचा उल्लेख सहज केलेला नाही. आईने फ्लोराइडचं पाणी प्यायलं तरी तिच्या दुधात ते फारच थोडं उतरतं. म्हणून पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध पिणारं बाळ आमच्या गावांतही बऱ्यापैकी सुरक्षित असतं. सातव्या महिन्यात वरचं अन्न सुरू झालं की मग तांदळाचं खिमट, डाळीचं पाणी, अंगणवाडीतून घरी मिळणाऱ्या पाकिटातलं पीठ, सगळं बोअरिंगच्या पाण्यात. पीठ सरकार तोलून देतं, पाणी कुणी विचारत नाही. आणि पाणी उकळलं की फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. जंतूंसाठी उकळायला सांगितलेली आई बिचारी दहा मिनिटं जास्तच उकळते.

शुद्ध पाणी म्हणजे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेलं पाणी, असा समज गावोगाव इतका घट्ट बसलाय की सरपंचांना फ्लोराइडबद्दल विचारलं तरी ते क्लोरिनची नोंदवही पुढे करतात. ब्लीचिंगने जंतू मरतात, फ्लोराइडला काही होत नाही. मेणबत्तीच्या फिल्टरने आणि दिव्याच्या (यूव्ही) फिल्टरनेही होत नाही. आरओने कमी होतं, पण आरओचं पाणी विकत आणणारं घर ते प्यायला ठेवतं आणि स्वयंपाक बोअरिंगच्या पाण्यात करतं. वरणभातात लागणारं पाणी मोजून पाहा, लहान मुलाच्या बाबतीत ते पिण्याच्या पाण्याइतकंच भरेल. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत फ्लोराइडग्रस्त वस्त्यांना योजना पूर्ण होईपर्यंत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ८ ते १० लिटर शुद्ध पाणी द्यायचं म्हटलं आहे. त्यातला ‘स्वयंपाकासाठी’ हा भाग गावात पोचेपर्यंत गळून पडतो.

हे पाणी आलं कुठून, तेही सांगायला हवं, म्हणजे कुणाला उगाच आरोपी केल्यासारखं होणार नाही. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बसाल्टवर आहे आणि तिथे हा प्रश्न कमी आहे, म्हणून पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांना तो ठाऊकही नसतो. आमच्याकडे, चंद्रपूरकडे आणि नांदेडच्या किनवट भागात तो थर संपत येतो आणि त्याखालचे फार जुने खडक वर येतात. त्यांत फ्लोराइड धरून ठेवणारी खनिजं आहेत. उथळ विहिरीत पावसाचं ताजं पाणी उतरतं. खोल बोअरचं पाणी मात्र खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. त्यातला कॅल्शियम कमी होतो, बायकार्बोनेट वाढतं आणि खडकातलं फ्लोराइड विरघळून पाण्यात येतं. अशा पाण्याला वास नाही, रंग नाही, आणि ते बरेचदा मऊ असतं. मऊ पाण्यात डाळ लवकर शिजते. झरीकडच्या एका बाईने मला सांगितलं होतं, “विहिरीच्या पाण्यात डाळ शिजतच नाही, मॅडम. बोअरिंगच्या पाण्यात कशी मस्त घोटते!” तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला बोअर खणायला शिकवलं. भूजल यंत्रणाही त्याच वर्षी उभी राहिली. पायऱ्यांच्या विहिरींतून नारू आणि उघड्या पाण्यातून कॉलरा व्हायचा, त्यातून हातपंपाने माणसं वाचवली. भारत नारूमुक्त झाल्याचं २००० साली जाहीर झालं त्यात हातपंपाचा मोठा वाटा आहे. हे ऋण मान्य करूनच पुढचं बोलायचं आहे.

आमच्यासारखीच गोष्ट अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी घडली होती. आर्कान्सा राज्यात बॉक्साइट नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. १९०९ मध्ये तिथे उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचं पाणी सुरू झालं. काही वर्षांनी मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले. फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य कोलोराडोत १९०१ पासून असे डाग पाहत होते. त्यांनी आणि सरकारी आरोग्यसेवेतल्या एका डॉक्टरने गाव तपासलं, तेव्हा आढळलं की खोल विहिरींच्या आधी ज्यांचं लहानपण गेलं त्यांचे दात स्वच्छ आहेत आणि नंतरच्या मुलांचे डागी. पाण्यात काय आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. १९३१ मध्ये अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी ते पाणी तपासलं आणि फ्लोराइड सापडलं. आयडाहोतल्या ओकली गावात त्याच्या आधीच, १९२५ मध्ये, नुसत्या दातांच्या पुराव्यावर गावकऱ्यांनी जुनी नळयोजना सोडून दुसऱ्या झऱ्याचं पाणी आणलं होतं. त्यानंतरच्या मुलांना स्वच्छ दात आले. प्रयोगशाळेच्या आधी उत्तर मिळालं, कारण कुणीतरी प्रत्येक मुलाला त्याचं जन्मवर्ष विचारलं होतं.

आपल्याकडेही हे नवीन नाही. मद्रास इलाख्यातल्या नेल्लोरकडचा हाडांचा फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडने होणारा विकार, १९३७ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ पासून आहे, त्यात शाळकरी मुलांची तपासणी आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला आयन मीटर (फ्लोराइड मोजायचं यंत्र) या दोन्हींची तरतूद आहे. उपकरणं आहेत, माणसं थोडीबहुत आहेत. जोडणी नाही.

ती जोडायला आत्तासारखी वेळ पुन्हा यायची नाही. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ची. २०२० मध्ये जन्मलेल्या मुलाच्या तोंडात समोरचे कायमचे दात २०२६ ते २०२८ या काळात येतात. म्हणजे ‘हर घर जल’नंतर जन्मलेली पहिली तुकडी आता पहिली-दुसरीच्या बाकावर बसते आहे आणि तिचे दुधाचे दात पडताहेत. ज्या गावात धरणाचं किंवा नदीचं पाणी नळाला आलं, तिथे या मुलांचे दात त्यांच्या थोरल्या भावंडांपेक्षा स्वच्छ दिसायला हवेत. ज्या गावात नवी टाकी, नवी पाइपलाइन, नवा नळ आणि त्याला जोडलेली जुनीच बोअर आहे, तिथे फरक पडणार नाही. कोट्यवधी रुपयांच्या योजनेचा याहून स्वस्त ताळेबंद मला तरी सुचत नाही.

त्यासाठी पहिली ते तिसरीच्या प्रत्येक मुलाच्या नावासमोर तीन गोष्टी हव्यात: जन्ममहिना व साल, तीन वर्षांचं होईपर्यंत ते कुठे राहिलं आणि घरात तेव्हा पाणी कुठलं होतं. दुसरा प्रश्न आईलाच विचारावा लागेल. आमच्याकडची कित्येक मुलं आजोळी जन्मतात, काही आईबापांबरोबर वीटभट्टीवर नाहीतर जिनिंगवर वर्षातले चार-सहा महिने असतात. आज आमच्या शाळेत असलेल्या मुलाचे डाग दुसऱ्याच तालुक्यातल्या पाण्याचे असू शकतात. ही माहिती अंगणवाडी सेविकेइतकी नेमकी कुणाकडेच नसते, म्हणून तिसरे सचिव या पत्रात आहेत. फक्त कृपा करून तिच्या मोबाइलमध्ये आणखी एक अ‍ॅप घालू नका. आहे त्यातच एक रकाना वाढवा.

दात पाहायची रीत ऐंशी-नव्वद वर्षं जुनी आणि साधी आहे. अमेरिकी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी घालून दिलेल्या श्रेणींप्रमाणे निरोगी, शंकास्पद, अतिसौम्य, सौम्य, मध्यम, तीव्र अशी सहा घरं आहेत. मुलाचं तोंड उजेडाकडे करायचं, वरचे चार दात कापसाने कोरडे करायचे, मग पाहायचं. कोरडे करणं महत्त्वाचं, कारण ओल्या दातावर सौम्य फ्लोरोसिसच्या खडूसारख्या पांढऱ्या रेषा लपतात. नवा दात आला की तो पांढराच असतो. तपकिरी रंग नंतर, सच्छिद्र इनॅमलमध्ये चहा-मसाल्याचे रंग मुरून येतो. म्हणून सातव्या वर्षी पांढऱ्या रेषा शोधायच्या असतात. मी ज्या तपासण्या पाहिल्या त्यांत तपकिरी दिसलं तरच ‘फ्लोरोसिस’ लिहिलं जातं, पांढरं असलं की ‘दात स्वच्छ’. उलटही घडतं: मंजनाने किंवा गुडाखूने काळे झालेले दात फ्लोरोसिसमध्ये मोजले जातात. फ्लोरोसिस जोडीने येतो, उजव्या दातावर असेल तर डाव्यावरही असतो. पडून मार लागलेल्या एकट्या दाताचा डाग तसा नसतो.

आणि नुसती टक्केवारी देऊ नका. एका गावात ६० टक्के मुलांना अतिसौम्य रेषा आहेत, दुसऱ्या गावात ६० टक्के मुलांच्या दातांना खड्डे पडून कोपरे ढासळताहेत. तक्त्यात दोन्ही गावं सारखी दिसतात. डीन यांनीच प्रत्येक श्रेणीला गुण देऊन गावाची सरासरी काढायची पद्धत घालून दिली. ती ०.६ च्या वर गेली की गावाच्या पाण्यात लक्ष घालायला हवं, असं तेव्हापासून मानलं जातं. चौथीतल्या मुलालाही येईल असं गणित आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातंच. २०१३ साली हा कार्यक्रम देशासाठी सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. पथकात दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्स असतात, दंतवैद्य नसतो. त्यांना एक दिवस दात पाहायला शिकवलं तर काम भागेल. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातले इंटर्न दहा टक्के मुलं पुन्हा तपासून पथकाची नजर पारखू शकतील.

गेल्या वर्षी एका आश्रमशाळेत शिबिराला गेले होते. ओळखपत्रासाठी फोटो काढणं चालू होतं आणि सातवीतली एक मुलगी फोटोवाल्याला विचारत होती, “दादा, तोंड मिटून काढला तं चालते का?” तो म्हणाला, चालते. तिच्यामागच्या आठ-दहा जणींनीही तोंड मिटूनच फोटो काढले. दातांना कीड नव्हती, दुखणं नव्हतं, त्यामुळे माझ्या तपासणीपत्रकात त्यांच्यासाठी एकही रकाना नव्हता. मी समासात लिहून आले.

दात मागचं सांगतो. आज काय चाललंय ते सांगायला लघवी लागते. पोटात गेलेलं फ्लोराइड काही तासांत रक्तातून निघतं: काही हाडांत आणि घडणाऱ्या दातांत जातं, उरलेलं लघवीवाटे. मोठ्या माणसात साधारण निम्मं बाहेर पडतं, लहान बाळात हाडं वाढत असल्याने पुष्कळ जास्त अंगातच राहतं. म्हणून मुलाच्या लघवीतला कमी आकडा पाहून निश्चिंत होऊ नये, तो वयाप्रमाणे वाचावा लागतो. चोवीस तासांची लघवी गोळा करणं उत्तम, असं पुस्तकं सांगतात. ज्याने ते लिहिलं त्याला दोन वर्षांच्या पोराच्या मागे डबी घेऊन पळावं लागलेलं नसावं. सकाळ-दुपारचे एकदोन नमुने घेऊन त्यात क्रिएटिनिनही (लघवी किती दाट आहे ते यावरून कळतं) मोजलं तर गावपातळीचा अंदाज बांधायला ते पुरतं. डबी प्लास्टिकचीच हवी, काचेला फ्लोराइड लागतं. आयन मीटरचा जो इलेक्ट्रोड पाण्यात बुडवतात तोच बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून लघवीत चालतो, नवं यंत्र घ्यायला नको. गेल्या तीन-चार महिन्यांचा अंदाज हवा असेल तर नखं आहेत. अंगणवाडीत सेविका मुलांची नखं कापतेच, ती धुऊन पाकिटात घालून पाठवली की झालं.

प्रत्येक मुलाची लघवी तपासा असं मी म्हणत नाही. तालुक्यातली थोडी गावं निवडा: काही बोअरची, काही नळ आलेली, एखादं विहिरीचं. प्रत्येकी तीस-चाळीस मुलं, वय एक ते पाच. एक फेरी जानेवारीत, एक मेमध्ये. मेमध्ये शाळा बंद असतात पण ही मुलं अंगणवाडीतली, त्यामुळे अडचण नाही. त्याच दिवशी त्यांच्या घरातल्या माठाचं पाणी घ्या. हातपंपाचं नको, माठाचं. मूल माठातलं पितं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हे पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल तेव्हा त्याचं ‘फ्लोराइडची टूथपेस्ट विष आहे’ असं काहीतरी होईल. टूथपेस्टमधलं फ्लोराइड दाताला बाहेरून लागतं आणि किडीपासून वाचवतं. मुंबई-पुण्याच्या मुलांना त्याची गरज आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट, आणि थुंकायला शिकवणं, एवढं पथ्य पुरे. १००० पीपीएमची वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव मिलिग्रॅम फ्लोराइड. ३ मिलिग्रॅमच्या बोअरचं एक फुलपात्र पाणी त्याहून जास्त देतं. फ्लोराइडग्रस्त गावात लढाई माठाशी आहे, ब्रशशी नाही. चहाचं मात्र बोलायला हवं. चहाचं झुडूप जमिनीतलं फ्लोराइड पानांत साठवतं, जून पानांत जास्त, आणि स्वस्त चुऱ्यात जून पानं असतात. दोन वर्षांच्या मुलाला बशीत कोरा चहा ओतून देणारी घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत. दूध परवडत नाही, हे त्याचं कारण.

दातांपुरता हा प्रश्न असता तरी मी हे पत्र लिहिलं असतं. तो तेवढाच नाही. हाडं वाकलेली, मान न वळणारी माणसं या भागात आहेत, आणि दातांचे डाग ही त्याची पहिली सूचना असते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने जगभरचे अभ्यास चाळून म्हटलं की पाण्यात १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असलेल्या ठिकाणी मुलांचा बुद्ध्यांक कमी आढळण्याचा संबंध दिसतो आणि त्याबद्दल मध्यम खात्री आहे. हा निष्कर्ष कमी मात्रेला लागू नाही, आणि संबंध म्हणजे कारण असंही नाही. पण १.५ च्या वरच्या बोअरी आमच्याकडे आहेत, आणि ती मुलं आमच्याच शाळांत बसतात.

मोजणी झाली की निकाल गावाला द्या. प्रत्येक आईला तिच्या मुलाचा आकडा आणि त्याचा अर्थ मराठीत, जिथे लागेल तिथे कोलामी-गोंडीत, तोंडी सांगितला पाहिजे. गावात एकच चांगली विहीर असेल आणि पाणी सगळ्यांना पुरणार नसेल, तर ते आधी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी आणि अंगणवाडीच्या चुलीपर्यंत जायला हवं. दोन घागरींचं काम आहे. कोणत्या घरी जायचं ते ठरवायला यादी लागते, आणि यादी मोजणीतून निघते. फ्लोराइड काढणारी यंत्रं बसवाल तिथे त्यांतली अ‍ॅल्युमिना (फ्लोराइड धरून ठेवणारे दाणे) कधी आणि कोण धुणार ते त्याच पाटीवर लिहा. भरलेली अ‍ॅल्युमिना वेळेवर धुतली नाही तर पाणी जसं आलं तसंच बाहेर पडतं, आणि लोक मात्र यंत्राचं पाणी म्हणून विश्वासाने पितात.

पहिलीचे प्रवेश जूनअखेर होतात. नोंदीचा नमुना त्याआधी तालुक्यांना पोचला तर येत्या हिवाळ्यातल्या शाळा तपासणीत तो वापरता येईल. माझ्या तालुक्यातल्या पथकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण मी विनामोबदला घेईन. डीनच्या श्रेणींची छापील रंगीत छायाचित्रं तेवढी तुमच्याकडून हवीत. मोबाइलवर पाहिली की पांढरी रेष दिसत नाही.

कळावे,

आपली,
दक्षिण यवतमाळमधील एक दंतवैद्य